गरम झाली की बंद पडते

रविवार, ८ फेब्रुवारी १९९८

आज शेवटचा नट आवळला आणि बाबांची फटफटी दीड वर्षाने पुन्हा अख्खी उभी राहिली. चालू मात्र झाली नाही. मी किक मारून मारून दमले, मग धीरजने मारल्या. एकदा सायलेन्सरमधून फट्ट असा आवाज आला आणि समोरच्या ब्लॉकमधलं कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

बाबा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "हितेशला बोलाव. त्याची किक ती ओळखते."

इंजिन मी खोललं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं मी करोल बागेत हिंडून आणली. सिलिंडर बोअर करून आणला, एकेक स्क्रू रॉकेलमध्ये धुतला. सोसायटीच्या बायका जाता-येता "भाभीजी, ये क्या शौक है" विचारायच्या, त्यांना हसून उत्तरं दिली. आणि ती ओळखते कुणाची किक, तर हितेशची.

आई गेल्यावर बाबा नागपूर सोडून आमच्याकडे, दिल्लीला लागून असलेल्या वैशालीला आले, तेव्हा सोबत एक ट्रंक होती आणि रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून गोणपाटात बांधून आणलेली ही गाडी. टपाल खात्यात निरीक्षक होते ते. उमरेड, भिवापूर, कुही, तिकडची सगळी पोस्ट ऑफिसं त्यांनी हिच्यावरून तपासली. हितेश नववीत गेला तेव्हा मैदानावर नेऊन त्याला चालवायला शिकवली. मी दहावीत होते, मीही गेले होते. मला म्हणाले, तू अभ्यास कर. मी केला. आज मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ज्युनियर इंजिनिअर आहे आणि मला मोटारसायकल चालवता येत नाही.

हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. नवऱ्याशी बोलावं तर धीरज म्हणतो, "यार समता, सख्खा भाऊ आहे तुझा." परका असता तर मला काही वाटलं नसतं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

ऑफिसातून आल्यावर प्लग काढला. इंजिनच्या डोक्याला टेकवून किक मारली, ठिणगी आली पण आळशी. पॉइंटमधली फट जास्त होती, ती नीट केली. टायमिंगही पुढे गेलं होतं, ते मागे घेतलं. तीन-चार किकांत इंजिन दोनदा गुरगुरलं आणि थांबलं. अंधार पडला म्हणून वर आले. बाबा टीव्हीवर बातम्या बघत होते. सांगितलं, तर म्हणाले, "रविवारी हितेश येतोच आहे."

रविवार, १५ फेब्रुवारी

हितेश आला. बसने आला, म्हणाला कंपनीची गाडी सर्व्हिसिंगला आहे. पेजर विकणाऱ्या कंपनीत सेल्स मॅनेजर आहे तो. पट्ट्याला पेजर, रविवारीसुद्धा चकचकीत बूट. दिल्लीतच, द्वारकेत, फ्लॅट बुक केलाय त्याने आणि प्रणिताने, नवरा-बायको दोघांच्या नावावर. बाबा हे सगळं आमच्या लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात. मी सरकारी नोकरीत आहे हे लिफ्टला माहीत नाही.

त्याने दुसऱ्या किकेत चालू केली. फट नीट करून, टायमिंग लावून ठेवलेली गाडी होती, कुणाच्याही दुसऱ्या किकेत झाली असती. पण झाली त्याच्या. पार्किंग निळ्या धुराने भरलं, बाबा खुर्चीतून उठले आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. हितेशचा हात धरून म्हणाले, "बघ, विसरली नाही तुला."

तो चक्कर मारून आला, बाबांना मागे बसवून आणखी एक. दुसऱ्या चकरेत गेटपाशीच इंजिन गचके द्यायला लागलं आणि मेलं. मग कितीही किक मारा, काही नाही. तासाभराने थंड झाल्यावर पुन्हा चालू, पुन्हा दहाएक मिनिटांत बंद.

"ताई, कार्बोरेटर असेल," हितेश म्हणाला.

"कार्बोरेटर नाही," मी म्हटलं.

"मग काय आहे?"

ते मला सांगता आलं नाही. त्याने बूट पुसले आणि जेवायला बसला. तीनदा भात घेतला. बाबा त्याला वाढत होते. बाबांना मी कधी कुणाला वाढताना पाहिलं नव्हतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

घरी आले तर हितेश दिवाणावर झोपलेला. टाय तसाच, बूट दाराशी, धुळीने पांढरे. बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपू दे. दमलाय." उद्याच्या डब्यासाठी ठेवलेली वांग्याची भाजी संपली होती.

सेल्सच्या लोकांना भर दुपारी वैशालीला येऊन झोपायला वेळ कसा मिळतो, कोण जाणे. गेल्या आठवड्यातही दोनदा आला होता म्हणे. मला कुणी सांगितलं नाही. दोघं बसून काय बोलतात विचारलं, तर बाबा म्हणाले, "काही नाही. बसतो." माझ्याशी बाबा बसतात तेव्हा पेपर वाचतात.

धीरज म्हणाला, "तू एकदा विचार ना त्याला, कसा काय येतो ते."

मला माहीत आहे कसा काय येतो. द्वारकेचा फ्लॅट तयार होत आला की बाबांना तिकडे न्यायचं आहे. आतापासून सवय लावतोय.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज डोकं चाललं.

गाडी स्टँडवर लावून चालू ठेवली, मेली त्या क्षणी प्लग काढला. हात भाजला. थंड असताना ठिणगी निळी, तडतडणारी असते. आता ती पिवळी होती, केसासारखी बारीक. म्हणजे पेट्रोलचा दोष नाही, विजेचा आहे, आणि उष्णतेने होणारा. पॉइंट उघडून पाहिले. गेल्याच आठवड्यात घासून आरशासारखे केले होते, ते काळे पडले होते.

एक्स्चेंजमधल्या रिलेंचे पॉइंट असे जळाले की आम्ही आधी कंडेन्सर बघतो. पॉइंट उघडताना जी ठिणगी उडू पाहते ती त्याने गिळायची असते. त्याने गिळली नाही तर पॉइंट जळतात. बारा वर्षं मी रोज हेच बघते आहे आणि इथे मला पंधरा दिवस दिसलं नाही. खरं सांगायचं तर पंधरा दिवस मी इंजिनकडे बघतच नव्हते. हितेशकडे बघत होते.

बाबांना सांगायला वर आले. ते फोनवर होते. हितेशशी.

शनिवार, २८ फेब्रुवारी

करोल बागेतून नवा कंडेन्सर आणला, बसवला. गरम झाली की बंद. परत गेले, दुकानदार म्हणाला, "मैडम, बिल्कुल ओरिजिनल है, आपका कोई और फॉल्ट होगा." दुसऱ्या दुकानातून दुसरा आणला. तेच. फ्लायव्हीलच्या मागे, इंजिनला चिकटून बसतो तो. तिथे इतकं तापतं की हा नकली माल टिकतच नाही.

मंगळवार, ३ मार्च

आमचं जुनं खटखट करणारं एक्स्चेंज उतरवतायत. जागेवर इलेक्ट्रॉनिक आलं, कपाटाएवढं, आवाज नाही. जुन्या रॅक भंगाराच्या ट्रकची वाट बघत मागच्या हॉलमध्ये पडल्या आहेत. साहेबांना विचारून त्यातला एक कंडेन्सर काढून घेतला. बोटाएवढा, पत्र्याच्या डबीतला. मोजून पाहिला, माप बरोबर आलं. वीस-पंचवीस वर्षं लोकांचे फोन जोडून झाले तरी ठणठणीत.

इंजिनजवळ ठेवायचाच नाही, असं ठरवलंय. टाकीखाली, वाऱ्यावर ठेवायचा.

शनिवार, ७ मार्च

झालं.

टाकीखाली एक छोटी पट्टी बसवली. पॉइंटची वायर तिथवर आणली. आतल्या कंडेन्सरची वायरही तिथेच आणली आणि एक्स्चेंजच्या कंडेन्सरचीही. एका स्क्रूखाली यातली कुठलीही लावता येते. आधी आतली लावली, दहा-बारा मिनिटांत मेली. मग थंड न करता, तशाच तापलेल्या इंजिनवर, बाहेरची लावली. पहिल्या किकेत चालू. माझ्या किकेत. मग पाऊण तास चालली, शेवटी शेजारचे गुप्ताजी खाली येऊन धुराबद्दल बोलले तेव्हा मीच बंद केली.

धीरज शेजारी उभा होता. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. मला बाबांना दाखवायचं होतं, पण बाबा सकाळपासून हितेशबरोबर द्वारकेला फ्लॅट बघायला गेले होते.

संध्याकाळी आले ते पायांना सिमेंट लावून आणि तोंडभर बोलत. सेक्टर अजून उजाड आहे, पण काय रस्ते. नुसते खांब उभे आहेत, पण हितेशने त्यांना त्यांची खोली दाखवली, पूर्वेकडची, बाल्कनीसकट. "त्याच्यात काय म्हणतात ते, मॉड्युलर किचन होणार आहे." मी वरण वाढत होते. फटफटीचं विचारतील म्हणून थांबले. मग विचारलं त्यांनी.

"उद्या हितेश येतोय. म्हणतो, थंड असताना का होईना, मला हिंडन नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणेल. थोडीफार चालते ना?"

"चालते," मी म्हटलं. दुसरं काही सांगितलं नाही. धीरजने माझ्याकडे पाहिलं, त्यालाही मानेनेच नको म्हटलं. उद्या सांगू, सगळ्यांसमोर, असं मनात होतं. रात्री हे लिहितानाही तसंच आहे.

रविवार, ८ मार्च

लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

हितेश आला तेव्हा बाबा कोट घालून तयार होते. किल्ली खिळ्यावर होती. मी म्हणणार होते, बाबा, आज गाडी थांबणार नाही, मी दोष काढलाय. त्याआधीच त्यांनी किल्ली काढून हितेशच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझीच आहे ही. तू आलास म्हणून जिवंत झाली."

मी म्हटलं, एकदा बघून येते खाली. पेट्रोल बघते.

स्क्रू सैल केला, बाहेरची वायर काढली, आतली लावली. बाहेरच्या वायरीचं उघडं टोक कुठे टेकू नये म्हणून त्याला टेप गुंडाळली. किती वेळ लागला असेल, बांगडी सारखी करायला लागतो तितका. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की दहा मिनिटांनी ती बंद पडेल आणि हितेश चमकते बूट घालून ढकलत आणेल.

ते गेले. दहा मिनिटं झाली तेव्हा मला पहिल्यांदा पूल आठवला. पुलावर ट्रक असतात. कडेला थांबायला जागा नाही. आणि बाबांचा मोतीबिंदू.

मी धीरजला म्हटलं, बघून ये ना. तो रिक्षा घेऊन गेला, त्याला ते दिसले नाहीत, परत आला. मी गॅलरीत उभी राहिले. पोळ्या केल्या नाहीत. ट्रकचा हॉर्न वाजला की गेटाकडे बघत होते. जेवणवेळ टळून गेली आणि मग ते गेटातून आले. हितेश हँडल धरून ढकलतोय, टाय नाही, शर्ट पाठीला चिकटलेला. बाबा मागून कॅरिअरला हात लावून. कोट खांद्यावर. दोघं हसत होते. वाटेत उसाचा रस प्यायले म्हणे, दोनदा. बाबा म्हणाले, असं चालायला कित्येक वर्षांत मिळालं नाही.

असा त्यांचा चेहरा मी आई होती तेव्हा पाहिला होता. तोही मीच मिळवून दिला हितेशला.

सोमवार, ९ मार्च

सकाळी धीरज चार्टर्ड बसला गेल्यावर बाबा स्वयंपाकघरात आले. स्वतःचा कप स्वतः धुतला. मग म्हणाले, "टाकीखालची ती वायर कशी काय सुटली?"

"सुटली असेल. खड्डे आहेत रस्त्यात."

"सुटलेल्या वायरला टेप कोण लावतं, समता?"

मी गॅस बंद केला.

"पूल ओलांडल्यावर थांबली," ते म्हणाले. "मी वाकून बघितलं. नवी पट्टी दिसली, तुझंच काम, इतकं नीटस दुसरं कोण करतं. डबीची वायर दिसली, टेप दिसली. स्क्रू दहा पैशाच्या नाण्यानेही फिरला असता."

"मग जोडली का नाही?"

"जोडणार होतो. तेवढ्यात तो बोलायला लागला." त्यांनी कप पालथा घातला. "नोकरी गेलीय त्याची. दिवाळीनंतर. लोक आता मोबाइल घेतात म्हणे, पेजर कुणाला नको. गाडी कंपनीने काढून घेतली. प्रणिताला अजून सांगितलेलं नाही. रोज टाय लावून घरातून निघतो, दिल्लीभर पायी नोकऱ्या शोधतो. कुठे बसायला जागा नसते तेव्हा इथे येतो. काल ढकलता ढकलता सगळं बोलला. माझ्याकडे बघावं लागत नव्हतं ना. म्हणून मी म्हटलं, राहू दे बंद."

तीनदा घेतलेला भात आठवला. धुळीने पांढरे बूट. मी ते सगळं पाहिलं होतं, पाहून इथे लिहिलंही होतं.

"द्वारकेचा फ्लॅट?" मी विचारलं.

"तो सोडणार आहे. मला दाखवायचा होता सोडायच्या आधी. मी ओळखलं नाही, मीही बाल्कनीच बघत बसलो."

दारापर्यंत जाऊन ते वळले. "ढकलत परत येताना पुलावर एक ट्रक अगदी जवळून गेला. त्याला सांगायचं की नाही, ते तू बघ. मी सांगणार नाही."

ऑफिसला उशिरा पोचले.

शुक्रवार, १३ मार्च

आज इथली रंगांची होळी. खाली सगळी सोसायटी भिजत होती. बाबा बाहेर आले नाहीत. माझ्याशी बोलतात, मीठ इकडे दे, पाणी दे, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवार, १५ मार्च

हितेशने परवा प्रणिताला सांगितलं. तिने म्हणे आधी त्याला जेवायला वाढलं आणि मग रडली. एका कुरिअर कंपनीत काम मिळतंय, ओखल्यापासून नोएडापर्यंत फिरायचं, पण स्वतःची मोटारसायकल हवी. बाबांनी मला विचारलं. "तू बांधलीस, तू ठरव," म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही माझं म्हणाले आणि तेही देऊन टाकण्यासाठी.

मी हो म्हटलं. वाईट वाटलं, ते लपवत नाही.

हितेश आल्यावर त्याला खाली नेलं, टाकीखालची पट्टी दाखवली. "ही आतली वायर, ही कधी लावायची नाही. ही बाहेरची." मग एका दमात सांगून टाकलं. "त्या रविवारी मी मुद्दाम आतली लावली होती."

त्याला कळायला वेळ लागला. "म्हणजे गाडी चांगली होती?"

"हो."

"का?"

"बाबांनी तुला किल्ली दिली म्हणून."

तो पट्टीकडेच बघत राहिला. "ताई, बाबा मागे होते. ट्रकचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला."

"माहीत आहे."

"तुला माहीत नाही. तू तिथे नव्हतीस." मग अगदी हळू, "मला वाटायचं तुझं सगळं सेट आहे. सरकारी नोकरी, कुणी काढू शकत नाही, बाबा तुझ्याकडे. मी इथून परत जाताना बसमध्ये काय काय विचार करायचो, तुला सांगितलं तर आवडणार नाही."

त्याने किक मारली. पहिल्याच किकेत लागली. मागे न बघता गेटातून गेला. आवाज एकसारखा होता, कुठे अडखळत नव्हता. वळणापलीकडे ऐकू येईनासा झाला तोवर मी तिथेच होते.

गुरुवार, २ एप्रिल

इतके दिवस त्याचा फोन नाही. बाबांना करतो, माझ्याशी बोलत नाही. मीही मागत नाही.

आज दुपारी मी टेस्ट डेस्कवर होते. ऑपरेटर लतिका म्हणाली, मॅडम, तुमचा फोन, कुठल्या तरी पीसीओवरून. उचलला.

"ताई, बंद पडली."

मागे बसचे हॉर्न. "कुठे आहेस?"

"रिंग रोडवर, आश्रम चौकात. पार्सलं आहेत, चारच्या आत पोचवायची. वायर नाही, वायर मी बघितली. बाहेरचीच आहे."

"गचके देऊन बंद पडली की एकदम?"

"एकदम. बटण दाबल्यासारखी."

"मग प्लग काढ. पान्हा आहे ना? जप, गरम असेल. काढून बघ आणि परत फोनवर ये. लाइन कापू नकोस."

तो गेला. मी रिसीव्हर कानाला लावून बसले. समोर दोन तक्रारी होत्या, त्यांना थांबवलं. तो परत आला, धापा टाकत.

"टोकाला काळं आहे सगळं."

"टोकाच्या दोन पट्ट्यांमध्ये बघ. मध्ये काही अडकलंय का, केसासारखं?"

"हो. काजळीचं आहे बारीकसं."

"तेच. ठिणगी उडायच्या ऐवजी त्याच्यावरून पलीकडे जाते. नखाने काढ, पुसून परत लाव. ऑइल जास्त घालतोस पेट्रोलमध्ये. कमी कर."

"नखाने?"

"नखाने, हितेश. बूट पुसतोस तेवढं जपून करू नकोस."

तो हसला असं मला वाटलं, ट्रॅफिकमध्ये नीट कळलं नाही. रिसीव्हर त्याने खाली ठेवला नाही, लोंबकळत सोडून गेला असावा. मला सगळा आश्रम चौक ऐकू येत होता. एक किक. दुसरी. मग ती लागली. त्या सगळ्या गोंगाटातही मला तिचा आवाज वेगळा काढता आला. त्याने रेझ केली, एकदा, दोनदा, आणि आवाज लांब गेला.

मग कुणीतरी रिसीव्हर उचलला. "हॅलो मैडम, वो भाईसाहब तो चले गए. पैसे दे गए हैं. रख दूँ?"

"रख दीजिए," मी म्हटलं.

रात्री जेवताना सांगितलं. सांगताना मला मजा येत होती, हे कबूल करते. पिवळी ठिणगी, निळी ठिणगी, सगळं सांगितलं. धीरज मन लावून ऐकत होता. बाबांनी घास हातातच धरला होता.

"आश्रमला बंद पडली," ते म्हणाले. "मग तुलाच केला फोन? मी तर घरीच होतो दिवसभर."

त्यांनी ते सहज विचारलं, पण ताटाकडे बघत विचारलं. तो स्वर माझ्याच ओळखीचा होता, कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आधी घरीच लावला होता म्हणे," मी ठोकून दिलं. "लागला नाही. एन्गेज येत होता."

"अच्छा," बाबा म्हणाले. "लाइनीचा काही भरवसा नाही तुमच्या."

"उद्या बघते," मी म्हटलं आणि त्यांना भात वाढला.